आधी आमोस की होशेय?

अभ्यासगटात बायबलमधून न्याय आणि पुनःस्थापना (शिक्षेनंतर देवाने लोकांना पुन्हा उभं करणं) शिकायची, पण सुरुवात कुठून? जुन्या करारातले हे दोन्ही संदेष्टे इ. स. पूर्व ८व्या शतकातले, दोघांचा रोख उत्तरेकडच्या इस्राएलवर. इ. स. पूर्व ७२२च्या सुमारास त्याची राजधानी शोमरोन पडली.

लांबी: आमोस ९ अध्याय, होशेय १४. आमोस दोन बैठकांत होतो.

न्याय: आमोसाची मांडणी सरळ. दिमिष्कापासून (दमास्कस) यहूदापर्यंत सात राष्ट्रांवर ठपका, आठवा घाव थेट इस्राएलवर. पहिले दोन अध्याय सलग वाचा; तुकडे केले की तो सापळा निसटतो. आठव्या अध्यायातली टोपलीही नीट पाहा. उन्हाळी फळं म्हणजे हिब्रूत ‘कायित्स’, अंत म्हणजे ‘केत्स’. भाषांतरात हा श्लेष हरवतो, म्हणून मोठ्याने सांगावाच लागतो.

पुनःस्थापना: आमोसात ती फक्त ९:११-१५ मध्ये (अध्याय ९, वचनं ११ ते १५), दाविद राजाचा पडलेला मंडप उभारण्यापासून पुढे. होशेयात मात्र ती संदेष्ट्याच्या मुलांच्या नावांतच विणलेली आहे: ‘लो-रुहामा’ म्हणजे दया न मिळालेली, ‘लो-अम्मी’ म्हणजे माझे लोक नव्हेत. २:२३मध्ये दोन्ही नावं उलटतात, तेव्हा अंगावर काटा येतो.

अडचण: होशेयाची हिब्रू खडतर, भाषांतरांत फरक पडतो. शिवाय आपल्या बायबलातलं १:१० हे यहुदी आवृत्त्यांत २:१ असतं. गटात दोन्ही प्रती असतील तर आधीच सांगा.

सामाजिक अन्यायावर बोलायचं असेल किंवा गट नवखा असेल, तर आमोस. तुटलेलं नातं परत कसं जुळतं हे शोधायचं असेल आणि सहा-सात बैठका हाताशी असतील, तर होशेय.