काटा खाली येत होता, म्हणूनच मी फसलो

दर महिन्याच्या ५ तारखेला माझ्या खात्यातून ७,००० रुपये वळते होतात. ज्या जिमसाठी होतात, तिचं शटर दिवाळीनंतर उघडलेलं नाही. बोर्डसुद्धा काढून नेला. लातुरात माझ्यासारखेच अडकलेले आणखी सहा जण आजवर भेटले. त्यातले दोघं माझ्यामुळे अडकले, ते पुढं सांगतो. वजन उतरवायला जिम लावायच्या विचारात असाल तर पैसे भरायच्या आधी हे वाचा.

मी मार्केट यार्डात एका आडत दुकानावर मुनीम आहे. वय ४३. सकाळी सौद्याच्या वेळी थोडंफार फिरणं, मग रात्रीपर्यंत गादीवर बसून हिशोबपट्ट्या. जूनमध्ये वजन ११८ किलो भरलं. जिना चढताना गुडघे धरायचे, साखर काठावर आली होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, नुसतं चालून भागणार नाही, वजनं उचला. वजन उतरतं तेव्हा चरबीबरोबर स्नायूही झिजतात, ते टिकवायचे तर त्यांना काम द्यावं लागतं. आणि जेवणानंतर रक्तात आलेली साखर मोठ्या प्रमाणात हे स्नायूच ओढून घेतात. त्यांचं सांगणं आजही शंभर टक्के खरं मानतो. माझी तक्रार वजनं उचलण्याबद्दल मुळीच नाही.

जिममध्ये पहिल्यांदा जो ट्रेनर मिळाला तो खेड्यातून येऊन-जाऊन करणारा पोरगा होता. पहिल्या दिवशी त्यानं मागं एक बाक ठेवला आणि म्हणाला, "काका, बाकावर बसा आन् उठा. हेच स्क्वॉट." आठवडाभर तेवढंच. मग खांद्यावर रिकामा बार दिला, तो २० किलोचा असतो. मग जमेल तसे दर खेपेला अडीच-अडीच किलो वाढवायचे. त्यानं मला शंभर पानी वही घ्यायला लावली. "काका, दुकानात रोजमेळ लिहिताव ना, तसंच हे लिहायचं. तारीख, व्यायाम, किती किलो, किती वेळा." मी लिहीत गेलो. ऑगस्टअखेर दहा आठवडे झाले तेव्हा वहीत स्क्वॉट ६० किलो होता, डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचा बार उचलून उभं राहायचं, ७५ आणि माझं वजन ११४. यार्डातल्या ऑफिसचा जिना मी कठड्याला हात न लावता चढायला लागलो होतो.

दहा आठवड्यांत चार किलो, आणि ताकद वाढलेली. एवढ्या वजनाच्या माणसासाठी ही उत्तम चाल होती. आठवड्याला अर्धा ते एक किलो, याहून घाई करू नये असंच डॉक्टर सांगतात. हे मला आज कळतंय.

सप्टेंबरात तो पोरगा अचानक यायचा बंद झाला. (त्याचा दोन महिन्यांचा पगार थकला होता, हे नंतर कळलं. जिममध्ये ट्रेनर टिकत नसतील तर तेवढ्यावरूनच सावध व्हा.) जिमच्या मालकानं मला केबिनमध्ये बोलावलं, चहा मागवला, वही हातात घेऊन चाळली आणि बाजूला ठेवली. "दहा आठवड्यांत चारच किलो? सर, तुमच्यासारख्या माणसाला आम्ही महिन्यात आठ-दहा किलो खाली आणतो. त्या पोराला काही येत नव्हतं." भिंतीवर आधीचे-नंतरचे फोटो होते. माझी मुलगी बारावीला आहे, नीटची तयारी करते, हे त्याला माहीत होतं. "पोरीच्या ॲडमिशनला जाताल तेव्हा बाप कसा दिसला पाहिजे, सांगा," म्हणाला. तिथंच मी हललो. मेहनतीनं उतरवलेल्या चार किलोंची मला त्या खुर्चीत लाज वाटली.

पॅकेज ८४,००० रुपयांचं. वर्षभराचं पर्सनल ट्रेनिंग, डाएट प्लॅन, 'फॅट कटर' म्हणजे चरबी उतरवायच्या गोळ्या. पावडरचे डबे वेगळे, एक ६,५०० ला. एवढे पैसे नाहीत म्हटल्यावर तो म्हणाला, जिमची फी आहे सर, हप्त्यानं द्या, महिना ७,०००, व्याज शून्य. फॉर्म भरतो म्हणून माझाच मोबाईल घेतला. आधार, पॅन, बँक खातं, माझा एक फोटो, आणि तीन वेळा आलेला ओटीपी मी स्वतः वाचून दाखवला. पाच मिनिटांत काम झालं.

तो जिमचा हप्ता नव्हता. एका फायनान्स कंपनीचं माझ्या नावावरचं कर्ज होतं. कंपनीनं सगळी रक्कम त्याच आठवड्यात जिमच्या खात्यात टाकली, आणि माझ्या खात्यातून हप्ता आपोआप कापून घ्यायची परवानगी त्या ओटीपीनंच मी देऊन बसलो. वर्षभराचे पैसे एकदम हातात पडल्यावर मी येतो की नाही याच्याशी मालकाला काय देणंघेणं उरतं? आणि शून्य व्याज म्हणाल तर हेच पॅकेज एकानं रोख भरून ७२,००० ला घेतलं. व्याज आधीच किमतीत घातलेलं होतं.

असं मोबाईलवरून कर्ज देताना रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कंपनीला एक माहितीपत्रक द्यावं लागतं, की फॅक्ट स्टेटमेंट म्हणतात त्याला. त्यात एकूण खर्च, व्याजाचा दर, सगळं लिहिलेलं असतं. आणि ठरावीक मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज परत करून, दंड न भरता कर्जातून बाहेर पडता येतं. ती मुदत फार थोडी असते. माझ्या ईमेलवर ते पत्रक आलं होतं. मी उघडलं महिन्याभरानं.

आता गोळ्यांचं. एका लहान झिपच्या पाकिटात सुट्ट्या पांढऱ्या गोळ्या, वर नाव नाही, पत्ता नाही. दुपारी एक, संध्याकाळी एक. "आयुर्वेदिक आहे, चरबी लघवीवाटे निघते." भाकरी, भात, दूध बंद. पाणी मोजून. व्यायाम करताना अंगात प्लास्टिकसारखा घामाचा सूट. वही बंद करायला लावली, "आता नोंदी आम्ही ठेवतो."

आणि काटा खरंच खाली आला. पहिल्या आठवड्यात चार किलो. चार आठवड्यांत नऊ. ११४ चे १०५. घरात आनंद, यार्डात जो तो विचारतोय. जिमवाल्यानं हार घालून माझा व्हिडिओ काढला. मी कॅमेऱ्यासमोर हात जोडून सांगितलं की दहा आठवड्यांत झालं नाही ते इथं चार आठवड्यांत झालं. तो व्हिडिओ बघून माझ्या साडूनं आणि शेजारच्या दुकानातल्या एका पोरानं पॅकेज घेतलं. दोघांच्याही नावावर कर्ज आहे. साडूनं मला एका शब्दानं दोष दिला नाही, त्याचंच जास्त लागतं.

वही मी चोरून लिहीत राहिलो होतो, सवय म्हणून. त्यात खरं लिहिलेलं होतं. स्क्वॉट ६० वरून ५०, मग ४५, मग ४०. ज्या वजनाशी मी ऑगस्टात आठ वेळा बसून उठत होतो त्याच्याखाली तिसऱ्या वेळेला मांड्या थरथरायच्या. नुसती चरबी जळत असती आणि स्नायू टिकत असते, तर ताकद महिन्यात अशी तिसऱ्या हिश्श्यानं गेली नसती. मी ते पाहत होतो आणि काट्यावर विश्वास ठेवत होतो.

दसऱ्यानंतर सोयाबीनची आवक जोरात होती. रात्री पोटऱ्यांत गोळे यायचे, छाती मधेच धडधडायची. एका सकाळी आमच्याकडचे जुने हमाल मामा म्हणाले, "मुनीम, तोंड लई उतरलंय तुमचं. बारीक झालाव म्हणून लोक कौतुक करायलेत, मला तर दुखणेकरी दिसायलाव." त्याच दिवशी सौद्याच्या वेळी डोळ्यांपुढं अंधारी आली आणि मी पोत्यावर बसलो तो उठलोच नाही.

दवाखान्यात रक्त तपासलं. पोटॅशियम २.८. ते ३.५ ते ५ च्या मधे लागतं, फार खाली गेलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. एक रात्र सलाईन आणि छातीला वायरी लावून पडलो. डॉक्टरांनी ती गोळी पाहिली, पाकीट हुंगलं, मला विचारलं, गोळी घेतल्यावर किती वेळा लघवीला जाता? म्हणाले, लक्षणं आणि रिपोर्ट बघता ही लघवी जास्त करणारी गोळी दिसते. अशा गोळ्या सूज, रक्तदाब, हृदयाचा त्रास यांसाठी डॉक्टर देतात, तपासण्या करून देतात. खेळाडूंना तर त्या घ्यायला बंदीच आहे. वजन उतरवायच्या नावाखाली याहून वाईटही खपवतात, म्हणाले. सिब्युट्रामिन नावाचं औषध हृदयविकार आणि पक्षाघाताच्या धोक्यामुळे भारतात २०११ मध्ये बंद झालं, तरी जगभर 'हर्बल' म्हणून विकलेल्या गोळ्यांत ते मिसळलेलं सापडत आलंय.

मग त्यांनी जे विचारलं ते मी विसरणार नाही. "तुम्ही यार्डात ओलावा मोजता ना? सोयाबीन वाळवलं की दाणे कमी होतात का?"

मला पुढं सांगायची गरजच नव्हती. १८ टक्के ओलाव्याचं एक क्विंटल सोयाबीन वाळून १२ टक्क्यांवर आलं की ९३ किलो भरतं. सात किलो गेले, दाणा एकही गेला नाही. हा हिशोब मी शेतकऱ्यांना वीस वर्षं समजावून सांगतोय. भाकरी-भात एकदम तोडला की शरीरातला साखरेचा साठा, म्हणजे ग्लायकोजेन, संपतो आणि त्याच्या एका ग्रॅममागे जवळपास तीन ग्रॅम पाणी निघून जातं. त्यावर घामाचा सूट, त्यावर ती गोळी. बाकी जे गेलं त्यात स्नायूही होते, वहीच सांगत होती.

घरी आल्यावर रात्री कागद घेतला. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. नऊ किलोंच्या ६९,३००. अठ्ठावीस दिवसांनी भागलं की रोजच्या २,४७५. माझ्यासारख्या बैठ्या माणसाचं दिवसभराचं जळणच अडीच-पावणेतीन हजार. म्हणजे महिनाभर जवळजवळ उपाशी राहिलो असतो तरच नऊ किलो चरबी गेली असती. तुम्हाला कुणी महिन्याला दहा किलो सांगितलं तर तिथंच बसून हा भागाकार करा. मोबाईलवर दोन मिनिटं लागतात.

गोळ्या बंद केल्या, साधं जेवण सुरू केलं, दहा दिवसांत सहा किलो परत आले.

पावडरचं मुलीनं उघडकीला आणलं. खाण्याच्या पाकिटावर एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा १४ आकडी लायसन्स नंबर असतो. तिनं डबा उजेडात धरून बोटानं आकडे मोजले, तेरा भरले. पुन्हा मोजले. तेराच. नंबर चौदा आकडी असला तरी तो 'फॉसकॉस' या सरकारी संकेतस्थळावर टाकून कुणाच्या नावावर आहे ते बघावं, असं तिनं मला दाखवलं. तीन डब्यांचे १९,५०० रुपये. आणि प्रोटीन म्हणाल तर ज्या पोत्यांना टेकून मी दिवस काढतो त्या सोयाबीनमध्ये शंभर ग्रॅमला ३५ ग्रॅमच्या वर असतं. आता घरी सोयावडी, तुरीचं घट्ट वरण, हरभरा, दोन अंडी, दही, शेंगदाण्याची चटणी, आणि भाकरी आहेच.

पैसे मागायला गेलो तर मालक आधी गोड बोलला, मग म्हणाला "रिझल्ट तर मिळाला ना, व्हिडिओत तुम्हीच बोललाव." दिवाळी झाली आणि शटर कायमचं खाली. फायनान्स कंपनीच्या माणसाचं एकच: तुमचा जिमशी वाद वेगळा, आमचं कर्ज वेगळं. हप्ता थांबवायचा विचार केला होता, पण एक हप्ता चुकला तरी सिबिल स्कोअर पडतो आणि पुढच्या वर्षी मुलीसाठी शैक्षणिक कर्ज काढायचंय. म्हणून भरतोय.

काय केलं ते सांगतो, उपयोगी पडेल. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवली. कंपनीला लेखी तक्रार दिली. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाईन फुकट तक्रार करता येते, ती केली. आम्ही सात जणांनी जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज टाकलेत. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, वकील केलाच पाहिजे असं नाही, पण दोन वर्षांच्या आत जावं लागतं.  ज्यांनी तिथं पैसे भरलेत त्यांनी मेसेज पुसू नका, व्हॉट्सॲपवरचं डाएटचं बोलणं पुसू नका.

वजनं मी सोडली नाहीत. महिना ७०० रुपये घेणारी एक साधी जिम आहे, आठवड्याला दोन-तीनदा जातो, महिन्याचे पैसे महिन्याला देतो. वही पुन्हा उघडी आहे. परवा स्क्वॉट ६५ झाला, काट्यावर १०८.

अन्न व औषध प्रशासनाकडे गोळ्यांची आणि पावडरची तक्रार दिलीय. तिसरा डबा अजून कपाटावर आहे. हिनं दोनदा टाकून द्यायला काढला, मी परत ठेवला. तळाशी तीन-चार मुठी पावडर शिल्लक आहे, तपासायला आले तर तेवढी तरी हाताशी असू दे.