बर्फाच्या पेटीचा ‘एक टनाचा एसी’ करून देणाऱ्यांपासून सावध राहा

उन्हाळा तापू लागला की विदर्भ आणि खानदेशातल्या शहरांत, प्रदर्शनांच्या मांडवांतून आणि मोबाइलवरच्या जाहिरातींतून, बर्फावर चालणारा छोटा ‘एसी’ विकणारे लोक दिसू लागतात. वस्तू अगदी साधी असते. थर्माकोलचे जाड अस्तर असलेली प्लास्टिकची पेटी, तिच्या झाकणात बसवलेला बारा व्होल्टचा पंखा, शेजारी गार हवा बाहेर पडण्यासाठी पीव्हीसीचा एल्बो, म्हणजे वाकवलेला नळीचा तुकडा, आणि आत बर्फ. या पेटीत मुळात काही खोटे नाही. बर्फावरून गेलेली हवा गारच होते. खोटेपणा सुरू होतो तो पेटी विकली गेल्यानंतर, म्हणजे तिची क्षमता वाढवून देण्याच्या नावाखाली एकेक भाग गळ्यात मारला जातो तेव्हा. आमच्या घरी हे घडले. ज्या घरांत आजारी किंवा वृद्ध माणसे आहेत, नेमकी तीच घरे हे विक्रेते हेरतात, असे दिसून आल्यामुळे तो सारा व्यवहार इथे सविस्तर लिहीत आहे.

आम्ही अकोल्यात राहतो. २०२४ च्या मे महिन्याच्या अखेरीस उष्णतेमुळे इथे जिल्हाधिकाऱ्यांनी जमावबंदीचे कलम १४४ लागू केले होते, यावरून इथल्या उन्हाची कल्पना यावी. माझ्या वडिलांची खोली वरच्या मजल्यावर, थेट स्लॅबखाली आहे. घर भाड्याचे आणि वायरिंग जुने असल्यामुळे एसी बसवायला घरमालकांची परवानगी नव्हती. खिडकीला पत्र्याचा कूलर होता, पण दुपारी वीज गेली की तो बंद पडे आणि हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या वडिलांना त्या खोलीत थांबणे अशक्य होई. त्यामुळे घरच्या इन्व्हर्टरवर चालेल असे काहीतरी आम्ही शोधत होतो. त्यानंतरच्या उन्हाळ्यात भरलेल्या एका प्रदर्शनात एका विक्रेत्याकडे ही पेटी दिसली.

तिथे जे प्रात्यक्षिक दाखवले जात होते ते नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण पुढची सगळी फसवणूक त्यावरच उभी आहे. एल्बोच्या तोंडात थर्मामीटरची तार अडकवलेली होती आणि पडद्यावर १६ अंशांचा आकडा दिसत होता. मांडवात चाळिशीपलीकडचे तापमान असताना तो आकडा पाहून माणसे थबकत होती. आकडा खराही होता. मात्र तोंडाशी हवा किती गार आहे यावरून खोलीतून किती उष्णता बाहेर काढली जाईल हे ठरत नाही. त्यासाठी ती हवा दर तासाला किती येते हेही पाहावे लागते. पेटीतून येणारा झोत तळहातावर जाणवण्याइतकाच होता. थर्मामीटर चार हात दूर ठेवला असता तर तोच पडदा मांडवाचेच तापमान दाखवू लागला असता. तसे करून दाखवा म्हटल्यावर विक्रेत्याने, उघड्या मांडवात ते दिसणार नाही, बंद खोलीत दिसेल, असे उत्तर दिले. ते वरकरणी पटण्यासारखे होते. पेटीचे ६,५०० रुपये यूपीआयने दिले. ‘पक्के बिल घरी पाठवतो’ असे त्याने सांगितले. ते बिल आजवर आलेले नाही.

घरी पेटीत लादीचा बर्फ फोडून भरला, खोली बंद केली आणि पंखा सुरू केला. पेटीसमोर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्याला थोडे बरे वाटे, पण खोलीतल्या तापमानात सांगण्याजोगा फरक पडला नाही. तक्रार केल्यावर विक्रेता तातडीने घरी आला, आणि त्याच्या या तत्परतेमुळेच घरच्यांचा त्याच्यावर विश्वास बसला. त्याचे म्हणणे असे होते : “भाऊ, हे तर साधं मॉडेल आहे. यात तांब्याची कॉइल आणि पंप टाकला की एक टनाचं काम करते.” कॉइल शुद्ध तांब्याची असल्याची खात्री पटवण्यासाठी त्याने खिशातून लोहचुंबक काढून तिला लावून दाखवले. ते चिकटले नाही. बर्फाचे पाणी फिरवणारा पंप, ते जिच्यातून फिरते ती कॉइल आणि मोठा पंखा मिळून २,८०० रुपये झाले.

लोहचुंबक तांब्याला चिकटत नाही हे खरे आहे, परंतु ते ॲल्युमिनियमलाही चिकटत नाही, आणि ही कॉइल तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची होती. थोड्याच दिवसांत पितळी जोडापाशी ती गळू लागली, तेव्हा ओळखीच्या फ्रिज मेकॅनिकने कानशीने एक टोक घासले आणि आतून पांढरा धातू दिसला. तांब्याचे वजन तेवढ्याच आकाराच्या ॲल्युमिनियमच्या तिपटीहून जास्त असते, त्यामुळे शंका आल्यास कॉइल हातात तोलून पाहावी आणि विक्रेत्यासमोरच एक टोक कानशीने घासून दाखवायला सांगावे. याला जो नकार देतो त्याच्याकडून कॉइल घेऊ नये.

परंतु कॉइल अस्सल तांब्याची असती तरी ‘एक टना’चा दावा खोटाच ठरला असता, आणि माझ्या मते लोकांपर्यंत पोहोचायला हवी ती हीच गोष्ट. एसीचा टन हे वजन नसून उष्णता काढण्याचा वेग आहे, आणि तो मुळात बर्फावरूनच ठरवलेला आहे : २,००० पौंड, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो तो एक टन. याचा अर्थ एक टनाचे काम बर्फाकडून करून घ्यायचे असेल तर तासाला जवळजवळ ३८ किलो बर्फ वितळला पाहिजे, आणि रात्रीच्या आठ तासांसाठी तीन क्विंटल. आमच्या पेटीत फार तर १२ किलो बर्फ मावत होता. शून्य अंशांचा एक किलो बर्फ वितळताना सुमारे ३३४ किलोज्यूल उष्णता घेतो, आणि त्याचे पाणी २० अंशांपर्यंत तापेपर्यंत आणखी ८४ किलोज्यूल. असे सगळे धरले तरी १२ किलो बर्फात साधारण ५,००० किलोज्यूलचा गारवा असतो. एक टनाचा एसी तेवढी उष्णता सुमारे २४ मिनिटांत बाहेर टाकतो. कॉइल लावा, पंप लावा, पंखा मोठा करा; यांपैकी कशानेही त्या ५,००० किलोज्यूलमध्ये भर पडत नाही. हे भाग तो गारवा लवकर बाहेर काढतात आणि बर्फ तेवढाच लवकर संपतो. विक्रेत्याला हे ठाऊक नव्हते असे मी मानत नाही, कारण ‘तासाला किती किलो बर्फ लागेल’ या प्रश्नाला त्याने प्रत्येक वेळी बगल दिली आणि घरच्या फ्रिजमधल्या ट्रेचा बर्फही चालेल असे सांगत राहिला. घरच्या फ्रिजमध्ये एवढा बर्फ करायला घेतला तर पाण्यातून काढलेली उष्णता आणि कॉम्प्रेसरने खाल्लेली वीज, दोन्हींची ऊब त्याच घरात सोडली जाते, हेही त्याने कधी सांगितले नाही.

कॉइलनेही भागले नाही तेव्हा त्याने पुढची सुधारणा सुचवली : झाकणात बसवायचे ‘इलेक्ट्रॉनिक कूलिंग’, किंमत ३,६०० रुपये. ही पेल्टिअरची चकती असते, चार सेंटिमीटर बाजूची चौकोनी, दोन वायरी असलेली. वीज दिली की तिची एक बाजू गार होते आणि दुसरी तापते. बाजारात सर्रास मिळणारी बारा व्होल्टची चकती जेमतेम साठ वॅट वीज घेते, गार बाजूने त्याहून कमी उष्णता उचलते आणि तापलेल्या बाजूने या दोन्हींची बेरीज बाहेर टाकते. तापलेली बाजू खिडकीबाहेर असेल तर एखाद्या लहान डब्यापुरता तिचा उपयोग होऊ शकतो. आमच्या झाकणावर तिचे गरम पत्रे आणि त्यांच्यावरचा पंखा वडिलांच्या खोलीतच होते. म्हणजे खोली गार करण्यासाठी लावलेले हे उपकरण ती गरम करत होते, वर इन्व्हर्टरची बॅटरीही ठरल्या वेळेच्या आधी उतरवत होते. झाकणावर पाच तारे छापलेली वीजबचतीची पट्टीसुद्धा चिकटवलेली होती. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोची तारांकित पट्टी एसी, फ्रिज यांसारख्या उपकरणांना चाचणीनंतर मिळते. बर्फाच्या पेटीवर ती लावलेली दिसली तर तेवढ्यावरूनच विक्रेत्याची पारख व्हावी.

यानंतर बर्फात खडे मीठ टाकण्याचा सल्ला मिळाला. मिठाने पाण्याचा गोठणबिंदू उतरतो, त्यामुळे तोंडाशी लावलेला थर्मामीटर आणखी कमी आकडा दाखवतो आणि ग्राहकाला वाटते की सुधारणा झाली. प्रत्यक्षात बर्फातला एकूण गारवा वाढत नाही, बर्फ लवकर वितळतो, आणि खारट पाण्याने पंप व कॉइल खराब होतात.

इथवर फक्त पैशांचे नुकसान होते. शेवटी त्याने जे सुचवले त्यामुळे मात्र जीव जाऊ शकतो, म्हणून हा भाग कृपया काळजीपूर्वक वाचावा. लादीच्या बर्फाऐवजी ‘कोरडा बर्फ’ टाका, तो उणे ७८ अंशांचा असतो, पाणीही होत नाही, असे सांगून त्याने तो मिळवून देण्याची तयारी दाखवली. कोरडा बर्फ म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड. एक किलो कोरड्या बर्फाचा पाचशे लिटरहून अधिक वायू होतो. दहा फूट बाय बारा फुटांच्या बंद खोलीत तीन किलो कोरडा बर्फ उडून गेला तर हवेतले या वायूचे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास जाते, आणि चार टक्क्यांची पातळीच जिवाला तात्काळ धोकादायक मानली जाते. वायूला वास नसतो, तो हवेपेक्षा जड असल्यामुळे खाली साचतो, आणि झोपलेल्या माणसाला काय होत आहे ते कळेपर्यंत उशीर झालेला असू शकतो. एवढा धोका पत्करून मिळते काय, तर साध्या बर्फाच्या पावणेदोन पटीहूनही कमी गारवा. माझी बहीण रसायनशास्त्र शिकवते. तिने हे फोनवर ऐकताच तो बर्फ घरात आणू नका, असे बजावले. हृदयरोगी माणसाच्या बंद खोलीसाठी हा उपाय सुचवणाऱ्याला मी केवळ लबाड म्हणू शकत नाही.

अशा पेटीत खरी सुधारणा होतच नाही असे नाही. अस्तर जाड करणे, झाकणाची फट रबरी पट्टीने बुजवणे, परतीचे पाणी बर्फाच्या वरून सोडणे, कॉइलऐवजी मोटारीचा जुना हीटर कोअर (गाडीतल्या हीटरची नळ्या व पत्र्यांची जाळी) वापरणे, या सर्वांमुळे बर्फाचा गारवा वाया जाण्याचे थांबते. पण ती पेटी पलंगाशेजारी ठेवून एका माणसाच्या अंगावर झोत सोडण्यापुरतीच उपयोगाची राहते. वीज गेलेल्या दुपारी तेवढाही दिलासा मोलाचा असतो, आणि तेवढ्याच बोलीवर कोणी ती विकली तर माझी काहीच तक्रार नाही. खोली गार करण्याचा प्रश्न असेल तर आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात पाण्याचे बाष्पीभवन बर्फावर सहज मात करते : १२ किलो बर्फात जेवढा गारवा असतो तेवढा सुमारे दोन लिटर पाणी वाफ होताना देते. ४५ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असताना, ताट्या स्वच्छ व पूर्ण ओल्या असलेला कूलर २८ अंशांच्या आसपासची हवा देऊ शकतो, फक्त समोरची खिडकी किंवा दार उघडे असले पाहिजे. कोकणात किंवा मुंबईत दमट हवेमुळे हे गणित जमत नाही, आणि म्हणूनच तिकडच्या ग्राहकांना या पेट्यांचा मोह अधिक पडण्याची शक्यता आहे. वडिलांच्या खोलीत आम्ही अखेर कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या बसवल्या, कमी विजेवर चालणारा पंप आणि तसाच बीएलडीसी (ब्रश नसलेल्या मोटरचा) पंखा लावून ते दोन्ही इन्व्हर्टरवर घेतले आणि स्लॅबला वरून चुना मारला. त्यांची दुपार आता त्याच खोलीत निभावते.

पेटी आणि तिच्या सुधारणांचे मिळून १२,९०० रुपये गेले. परत मागितल्यावर विक्रेत्याने आधी, मूळ मॉडेलमध्ये बदल केल्यामुळे वॉरंटी संपली, असे कारण पुढे केले. बदल त्यानेच, आमच्या घरी बसून केले होते. मग त्याने फोन उचलणे बंद केले. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगात देण्यासाठी अर्ज तयार केला आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार बिल न देणे ही स्वतंत्रपणे अनुचित व्यापारी प्रथा ठरते, तक्रारदाराला स्वतः राहतो त्या जिल्ह्यात दाद मागता येते, वकील देणे सक्तीचे नाही आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगाचे शुल्क लागत नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करावी लागते. आमच्याकडे यूपीआयच्या नोंदी, ‘एक टन’ लिहिलेला जाहिरातीचा संदेश, झाकणावरच्या पट्टीचे छायाचित्र आणि घासून पांढरे पडलेले कॉइलचे टोक आहे. त्याच दर्जाच्या पेट्या वेगळ्या नावाने पुन्हा विकल्या जाताना दिसत आहेत, त्यामुळे ज्यांच्याकडे अशी पेटी असेल त्यांनी ती भंगारात देण्यापूर्वी पट्टीची आणि कॉइलची छायाचित्रे काढावीत, आणि विक्रेत्याचे संदेश मोबाइलमधून पुसू नयेत.