पाय उंच ठेवायची फोमची उशी: पाच महिने वापरल्यावर

अण्णांना यकृताचा कॅन्सर आहे, पुढे गेलेला. दिवाळीनंतर दोन्ही पाय सुजायला लागले. नडगीवर अंगठा दाबला की खड्डा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा. चपलेचा पट्टा बसेना, तेव्हा अंबाजोगाईहून ही तिरकी उशी आणली.

उशीने सूज जात नाही, हे आधीच सांगते. आजारी यकृताला अल्ब्युमिन, म्हणजे रक्तात पाणी धरून ठेवणारं प्रथिन, पुरेसं तयार करता येत नाही, मग रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं. वर शरीर मीठ-पाणी धरून बसतं. रात्रभर पाय उशीवर ठेवले की सकाळी घोटे जरा दिसायला लागतात. दुपारी पुन्हा तेच. पण तेवढ्या वेळात अण्णा अंगणातल्या बाजेपर्यंत आपल्या पायांनी जातात. माझे पैसे तिथंच फिटले.

उंची मात्र 8 इंच. पोटातही पाणी असल्यानं त्यांना दम लागायचा. गादीवाल्याकडून ती 5 इंचांवर कापून घेतली आणि डोक्याखाली आणखी एक उशी दिली. रेक्झिनचं कव्हर आपल्या मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात कामाचं नाही. पोटऱ्या घामानं चिकटतात, सुजलेली कातडी लगेच सोलते. आईच्या जुन्या सुती लुगड्याची खोळ शिवली. टाचा कडेबाहेर अधांतरी ठेवा, दाबल्या गेल्या की जखम होते.

खरा फरक पडला तो डॉक्टरांच्या लघवीच्या गोळ्यांनी आणि मीठ तोडल्यानं. दिवसभराचं मिळून 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा. ठेचा, लोणचं, पापड बंद. अण्णा दोन दिवस बोलले नाहीत. मग आईनं बिनमिठाची कारळाची चटणी लिंबू पिळून भाकरीवर दिली, ती चालली. रोज सकाळी वजन वहीत लिहितो. एका दिवसात किलोहून जास्त उतरलं, लघवी कमी झाली किंवा ते असंबद्ध बोलायला लागले तर लगेच डॉक्टरांना फोन.

फेब्रुवारीत एकटी उजवी पोटरी एकदम फुगली, गरम लागायला लागली. मी उशीच नीट लावत बसले, एक अख्खी रात्र. सकाळी डॉप्लर, म्हणजे रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी, केल्यावर कळलं, शिरेत रक्ताची गाठ. कॅन्सरमध्ये हा धोका वाढतो. एकाच पायाला सूज आली तर चोळू नका, वाट बघू नका, गाडी काढा. ती रात्र मला अजून टोचते.

घ्यायची तर कमी उंचीची घ्या. घाई नसेल तर आधी दुमडलेल्या दोन गोधड्या ठेवून बघा. उशी आणायच्या आधी अण्णांचे पाय त्यांवरच असायचे.