डायल जुळवायला जनरेटर बरा की स्टेशनं बरी?

जुन्या एएम रेडिओचा काटा खोटं बोलायला लागला की दोन रस्ते असतात, सिग्नल जनरेटर (पाहिजे त्या फ्रिक्वेन्सीचा सिग्नल सोडणारं यंत्र) लावायचा नाहीतर चालू स्टेशनं ऐकत जुळवायचं. मी दोन्ही करून बसलोय. ६०० किलोहर्ट्झच्या आसपास ऑसिलेटर कॉइलचा स्लग (सेटचा आतला सिग्नल बनवणाऱ्या कॉइलमधला फिरवायचा गाभा) आणि १४००ला ट्रिमर (छोटा, स्क्रूने फिरणारा कपॅसिटर), एक हलवलं की दुसरं थोडं बिघडतं म्हणून तीन-चार फेऱ्या, हे काही कुणाला सांगायला नको. त्याआधी गँग (स्टेशन बदलायचा फिरता कपॅसिटर) पूर्ण बंद करून काटा खालच्या टोकाच्या खुणेवर येतो का तेवढं बघा, कधीकधी नुसती काट्याची दोरी सरकलेली असते आणि आपण उगाच स्लग पिळत बसतो.

जनरेटरचं सुख म्हणजे पाहिजे ती फ्रिक्वेन्सी पाहिजे तेव्हा हजर. आयएफच (सेट आतल्या आत प्रत्येक स्टेशन ज्या एका ठरावीक फ्रिक्वेन्सीवर आणतो ती) हललेला असेल तर तो ४५५ला आणायला जनरेटरच लागतो, तिथे वाद नाही.

पण माझा जनरेटर जुना, त्यालाही काटाच. एकदा अख्खी दुपार घालवून सेट मस्त जुळवला, संध्याकाळी स्टेशनं लावली तर वरच्या टोकाची सगळी नखभर आधीच लागायला लागली. डिजिटल रेडिओ शेजारी ठेवून बघितलं तेव्हा कळलं, हा बाबा १४०० दाखवतो तेव्हा खरं तर १४३०च्या जवळपास असतो आणि तापला की अजून सरकतो. म्हणजे एका चुकीच्या डायलवरून दुसरा डायल जुळवला मी! तेव्हापासून मन उडालं ते उडालंच. डिजिटल जनरेटर असेल तर हा त्रास नसावा, पण सिग्नल जरा जास्त सोडला की एजीसी (आवाज आपोआप सारखा ठेवणारी यंत्रणा) आवाजाचं शिखरच सपाट करते आणि ट्रिमर नक्की कुठे थांबवायचा ते कळत नाही, ते तिथेही आहेच.

स्टेशनची फ्रिक्वेन्सी मात्र चुकत नाही. अडचण एवढीच की ६०० आणि १४००च्या जवळ स्टेशन असेलच असं नाही, आणि रात्री लांबचं स्टेशन वरखाली होत राहतं, आवाज वाढला तो ट्रिमरमुळे की हवेमुळे हे समजत नाही. खालच्या टोकाला मी डिजिटल रेडिओ १०५५वर (६०० अधिक ४५५, सेटचा ऑसिलेटर स्टेशनपेक्षा आयएफइतका वर चालतो म्हणून) लावून सेटला चिकटवून ठेवतो, सेटचा काटा ६००वर नेऊन स्लग हळूहळू फिरवतो, सेटचा स्वतःचा ऑसिलेटर तिथे आला की डिजिटलमधली खरखर एकदम दबते. अर्थात आयएफ ४५५च असेल तरच हे गणित बसतं. वर १४००ला हेच करायचं तर १८५५ ऐकणारा सेट पाहिजे, तो माझ्याकडे नाही, मग तिथे दिवसा ऐकू येणारं एखादं जवळचं स्टेशन पकडतो. अँटेनाचा ट्रिमर तर स्टेशनवर लावतच नाही, दोन स्टेशनांमधल्या मोकळ्या जागेत खरखर जास्तीत जास्त होईपर्यंत फिरवायचा, तोही प्लास्टिकच्या स्क्रूड्रायव्हरने, कारण लोखंडी काढून घेतला की परत सगळं सरकतं.

जनरेटर हातात असेल तर वापरा, नाही कशाला म्हणू. पण फक्त डायलसाठी नवा घ्यायचा विचार असेल तर आधी एक संध्याकाळ स्टेशनांवर काढून बघा. माझा हल्ली आयएफपुरताच कपाटातून बाहेर येतो.