कर्बीच्या नावाने खपवलेलं पान

अमेरिकेतल्या मार्व्हल कॉमिक्स कंपनीचा गाजलेला चित्रकार जॅक कर्बी याने काढलेलं ‘थॉर’ या कॉमिकचं मूळ पान म्हणून मला एक बनावट पान विकलं गेलं. पैसे परत आलेले नाहीत आणि येतील असं वाटतही नाही. इकडे न्यू जर्सीत आपल्यातली बरीच मंडळी आता कॉमिक्सची मूळ चित्रं घेऊ लागली आहेत, पुण्या-मुंबईहूनही चौकशा येतात, म्हणून सगळं तपशीलवार लिहितोय. विकणाऱ्याचं नाव देत नाही. तक्रार पोलिसांकडे आहे, आणि तो एव्हाना दुसऱ्याच नावाने वावरत असणार.

मूळ पान म्हणजे काय, ते या नादापासून लांब असलेल्यांसाठी आधी सांगतो. जाड बोर्डावर चित्रकार पेन्सिलने पान काढायचा. मग संवाद ठरायचे, लेटरिंग करणारा फुग्यांमधली अक्षरं शाईने लिहायचा, इंकर पेन्सिलच्या रेघांवर शाई चढवायचा आणि शेवटी सगळ्यावर खोडरबर फिरायचं. त्या बोर्डाचा फोटो काढून छपाई व्हायची. 1967 च्या सुमारापर्यंत बोर्ड मोठे असत, चित्राची जागा साधारण 12.5 बाय 18.5 इंच; पुढे ती 10 बाय 15 वर आली. छापून झाल्यावर त्या बोर्डाला कुणी विचारत नसे. आज काय स्थिती आहे? माइक झेकने काढलेलं ‘सीक्रेट वॉर्स’च्या आठव्या अंकातलं काळ्या पोशाखातल्या स्पायडरमॅनचं एक पान जानेवारी 2022 मध्ये लिलावात 33 लाख 60 हजार डॉलरला गेलं. एवढा पैसा दिसल्यावर लबाड माणसं येणारच.

पण खोटं पान खपतं ते नुसत्या पैशामुळे नाही. या पानांचा इतिहासच भोकं पडलेला आहे. सत्तरच्या दशकापर्यंत कंपन्या चित्रकारांना पानं परत देत नव्हत्या. काही फाडली गेली, काही भेटायला आलेल्यांना वाटली गेली, काही गोदामांतून गुपचूप बाहेर पडली. कर्बीची कथा तर संतापजनक आहे. कॅप्टन अमेरिका, फँटॅस्टिक फोर, हल्क, थॉर, एक्स-मेन ज्याच्या हातून उतरले, त्याला ऐंशीच्या दशकात मार्व्हलने 88 पानं देऊ केली, तीही इतर कुणाला घातल्या नव्हत्या अशा अटींवर. बरीच ओरड झाल्यावर 1987 मध्ये सुमारे दोन हजार पानं त्याच्या हाती आली. बाकीची हजारो पानं कुठे गेली, कुणाकडून कुणाकडे गेली, याचा धड हिशेब नाही. त्यामुळे “हे तुमच्याकडे कसं आलं?” या प्रश्नाला या बाजारात गोष्टच ऐकायला मिळते, आणि ती ऐकून घ्यायची सगळ्यांना सवय झाली आहे.

मला पान विकणाऱ्याची गोष्ट झकास होती. त्याचा थोरला भाऊ म्हणे छपाईचे ठसे बनवणाऱ्या कारखान्यात होता. रद्दीत जाणारे बोर्ड मालक कामगारांना न्यायला सांगायचा. भाऊ वारला आणि माळ्यावर गठ्ठा सापडला. फोनवर बोलणं संथ, वयस्कर, कुठे घाई नाही. पहिल्यांदा त्याने मला सत्तरच्या दशकातल्या एका युद्धकथेचं साधं पान विकलं, बाजारभावापेक्षा थोडं स्वस्त. मी ते दोन जाणकारांना दाखवलं. अस्सल निघालं, अजूनही माझ्याकडे आहे. सगळ्या व्यवहारात त्याने खर्च केला तो एवढाच.

काही महिन्यांनी त्याचा फोन आला. “एक थॉर आहे, पण तो मी लिलावाला देत नाही, कमिशन फार जातं.” 1968 चं पान, पेन्सिल कर्बीची, शाई व्हिन्स कोलेट्टाची. किंमत माझ्या वर्षाच्या बोनसएवढी. पैसे पाठवताना त्याने सुचवलं की मित्र-नातेवाइकांना पाठवतात तो पर्याय निवडा, म्हणजे दोघांचंही शुल्क वाचेल. त्या पर्यायात खरेदीचं संरक्षण नसतं.

पान आलं, फ्रेम झालं, भिंतीवर लागलं. मग एका रविवारी सांगलीचे एक काका जेवायला आले. निवृत्त इंजिनिअर, लहानपणी इंद्रजालमधला मराठी वेताळ पारायणं करून वाचलेला माणूस, आणि इकडे आल्यापासून मूळ पानं जमवणारा. भिंतीसमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, “आधी फ्रेममधून काढ हे.”

“काय झालं काका?”

“आकाश फार स्वच्छ आहे रे.”

हे मला तेव्हा कळलं नव्हतं. कोलेट्टा झपाट्याने काम उरकण्यासाठी प्रसिद्ध होता. कर्बीने पार्श्वभूमीला काढलेली माणसं, इमारती तो सरळ खोडून टाकायचा, म्हणजे तेवढी शाई करायला नको. चाहते त्याला अजून शिव्या घालतात. (मला स्वतःला त्याच्या केसासारख्या बारीक रेघा थॉरच्या अ‍ॅसगार्ड या देवनगरीतल्या देवांना शोभतात असं वाटतं, पण ते असो.) त्यामुळे त्याने शाई केलेल्या खऱ्या पानावर मोकळ्या जागा तिरक्या उजेडात धरल्या, की खोडलेल्या पेन्सिलचे वळ दिसण्याची शक्यता बरीच. काकांनी टेबललॅम्प आडवा करून बोर्डाजवळ आणला. माझ्या आकाशात काहीच नव्हतं. खोडरबर कधी फिरलंच नव्हतं तिथे.

मग भिंग निघालं. थॉरच्या दंडाच्या कडेला पेन्सिलची एक रेघ शाईला ओलांडून जात होती, आणि शाईवरून जाताना ती चमकत होती. म्हणजे शाई आधी, पेन्सिल नंतर. कुणीतरी पान पूर्ण करून वर जुनेपणाची पेन्सिल शिंपडली होती. दुसरं, सावलीतल्या रेघा. त्या काळच्या रद्दी कागदावर छापताना बारीक रेघा एकमेकींत मिसळून काळा डाग व्हायच्या. मूळ बोर्डावर त्या सुट्या दिसायला हव्यात. माझ्या पानावर तिथे सरळ काळं भरलेलं होतं, म्हणजे बनवणाऱ्यासमोर मूळ पान नव्हतंच, छापील अंक मोठा करून लाइटबॉक्सवर, म्हणजे गिरवण्यासाठी खालून उजेड देणाऱ्या काचेवर, ठेवलेला होता. रेघाही सगळ्या एकाच जाडीच्या, मार्कर पेनाच्या. टाकाची रेघ दाबाप्रमाणे जाड-बारीक होते.

सगळ्यात हुशारीचा भाग समासात होता, आणि तिथेच तो उघडा पडला. तेव्हाच्या मार्व्हलमध्ये कर्बी आधी चित्रं काढायचा आणि कडेला पेन्सिलने लिहायचा, की या चौकटीत काय चाललंय. लेखक-संपादक स्टॅन ली त्यावरून नंतर संवाद लिहायचा. माझ्या पानावरही समासात अशा नोंदी होत्या, पण त्यात फुग्यातली वाक्यं जशीच्या तशी उतरली होती. संवाद लिहिले जाण्याआधीच्या नोंदीत तेच शब्द येणार कुठून? काकांना तर हसूच आलं.

लिलावगृहांच्या जुन्या विक्रीच्या नोंदी, चित्रांसकट, इंटरनेटवर बघता येतात. मी त्या आधीच चाळल्या होत्या. हे पान तिथे नव्हतं, आणि ते मला चांगलं लक्षण वाटलं होतं. काकांचं म्हणणं उलटं: ज्याचं मूळ अजून बाजारात आलेलं नाही असंच पान तो निवडणार, म्हणजे शेजारी ठेवून बघायला काही नको.

विकणाऱ्याला फोन केला तर आधी भाऊ असं करणार नाही म्हणाला, मग मलाही फसवलं असेल म्हणाला, मग फोन बंद. पैसे पाठवणाऱ्या कंपनीने नियम दाखवला. पोलिसांनी तक्रार नीट लिहून घेतली, पण पत्ता भाड्याच्या टपालपेटीचा निघाला.

एक गोष्ट मात्र स्पष्ट करायला हवी: नक्कल करणं हा गुन्हा नाही. कर्बीच्या पानांच्या हाताने केलेल्या प्रतिकृती उघडपणे विकल्या जातात, त्यावर करणाऱ्याची सही असते आणि ‘कर्बीवरून’ असं लिहिलेलं असतं. हल्ली पेन्सिलचं स्कॅन फिक्या निळ्या रंगात छापून त्यावर इंकर शाई करतात. तेही रीतसर काम आहे, फक्त त्या बोर्डाला पेन्सिल करणाऱ्या चित्रकाराचा हात लागलेला नसतो आणि किंमत त्या मानाने असायला हवी. विकताना ‘निळ्या छापावर’ हे शब्द गाळले की फसवणूक सुरू होते. प्रदर्शनांत मिळणारी सहीची झटपट रेखाचित्रं तर सगळ्यात सोपी शिकार, कारण तिथे पडताळायला छापील पानही नसतं.

अलीकडे टेक्सासमधल्या एका संग्राहकाशी बोलणं झालं. त्यालाही ‘थॉर’च मिळालाय, दुसरं पान, पण भावाच्या जागी मामा आहे. दोघांनी बोर्डांचे मागचे फोटो एकमेकांना पाठवले. दोन्हींच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात चहाच्या रंगाचा डाग आहे, कपाच्या बुडाएवढा, एका बाजूने तुटलेला, अगदी सारखा. सध्या मार्व्हलचाच जुना चित्रकार डॉन हेक याच्या ‘आयर्न मॅन’ची पानं याच पद्धतीने फिरताहेत असं कळतं. कुणी दाखवलं तर आधी मागच्या बाजूचा फोटो मागा.