बीटचा हेडलाइट: नवा लोकल घ्यावा की कुर्ल्याचा जुना ओरिजिनल?

शेवरले बीटसारखी, कंपनीच निघून गेलेली गाडी सांभाळणाऱ्यांना हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. 2017 च्या शेवटी इथली विक्री बंद झाली आणि तेव्हापासून तळेगावातच बनलेल्या गाडीचे पार्ट आम्ही पुण्यात हुडकत फिरतोय. कंपनीचा नवाकोरा हेडलाइट परवडत असेल आणि थांबायची तयारी असेल तर विषयच संपला, बाकीच्यांसाठी दोनच रस्ते, नाना पेठेतला नवीन लोकल (म्हणजे कंपनीचा नसलेला, बाहेरचा बनवलेला) नाहीतर कुर्ल्याला सीएसटी रोडवर मिळतो तो भंगारातल्या गाडीचा काढलेला ओरिजिनल.

मी दोन्ही वापरलेत. लोकलला उगाच नावं ठेवणार नाही, काच चकाचक, बिल मिळतं, त्याच दिवशी काम उरकतं. पण फोकस! माझ्या लोकल हेडलाइटचा फोकस कधी जागेवर बसलाच नाही. गॅरेजवाल्याने भिंतीसमोर गाडी लावून अ‍ॅडजस्टिंग स्क्रू शेवटपर्यंत फिरवला तरी डावा लाइट आपला झाडांच्या शेंड्यावर, डिपरवर असलो तरी समोरचा अप्पर मारून शिव्या घालणार, आणि पावसात रात्री ताम्हिणीतून येताना डाव्या बाजूची साइडपट्टी दिसायलाच तयार नाही, म्हणजे ज्या कामासाठी लाइट घेतला तेच काम होत नाही. त्यात पहिल्याच पावसाळ्यात आतून वाफ धरली ती वेगळीच. सगळे लोकल असेच असतात असं मी म्हणत नाही, कुणाला चांगला मिळालाही असेल.

मग कुर्ल्याहून जुना आणला. काच पिवळट होती, घासून पॉलिश करून घेतली, पण बसताना एकही भोक मोठं करावं लागलं नाही आणि फोकस दोन आट्यांत जुळला. पैसे म्हणाल तर पॉलिश धरून लोकलच्या आसपासच गेले. अर्थात तिथे डोळे उघडे ठेवावे लागतात. मागची लॉकं तुटून फेविक्विकने चिकटवलेली नाहीत ना ते बघा, कनेक्टरच्या पिना हिरव्या पडल्या असतील तर तो नग पुरातल्या गाडीचा असू शकतो, सोडून द्या. बिल मागा, दुकानदार टाळाटाळ करायला लागला तर पुढचं दुकान. गॅरंटी बहुतेक चेकिंगपुरतीच, तेव्हा तिथल्या तिथे बॅटरीवर लावून बघायचं.

आरसा, दरवाजा, काच वर-खाली करायची मशीन यांनाही मी जुना ओरिजिनलच बघेन. दरवाजा आपल्याच रंगाचा मिळाला तर पेंटिंगचे पैसेही वाचतात, शेड जरा उन्नीस-बीस निघते पण मला चालते. बंपर किंवा मडगार्डच्या आतलं प्लास्टिक लोकल घ्या बिनधास्त. ब्रेक पॅड, क्लच प्लेट, टायमिंग बेल्ट, रबर बुश असलं झिजणारं काही मात्र जुनं नको, तिथे नवीनच आणि ते पण चांगल्या कंपनीचं. ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, स्वस्तात मिळतोय म्हणून उचलू नका, चावीशी कोडिंग जुळलं नाही तर गाडी स्टार्टच होत नाही.

आणि जाताना तुटलेला हेडलाइट सोबत न्या, फोटोवरून डावा-उजवा आणि मॉडेलचं वर्ष यात हमखास गोंधळ होतो.