वजन खरंच उतरलं, तरी ९२,८९९ रुपयांना फसले

आधीच सांगते, मी लोभी नाही आणि अडाणी तर अजिबात नाही. एका पतसंस्थेत २१ वर्षं हिशोब बघते. तरीही फसले. घरात पूर्ण रक्कम मागच्या महिन्यापर्यंत कुणाला माहीत नव्हती, आमच्या ह्यांनाही नाही. आता लिहितेय कारण माझ्यामुळे अजून तिघीजणी अडकल्या, त्यातल्या एक माझ्या सख्ख्या जाऊबाई.

मागच्या जानेवारीत माझं वजन ९६.४ होतं, तीन महिन्यांची साखर ७.४. गुडघे इतके दुखायचे की ऑफिसचा एक जिना चढायला दोनदा थांबायचे. लो कार्बचा, म्हणजे पिठूळ आणि गोड पदार्थ कमी करण्याचा, ऑनलाइन प्लॅन घेतला, २,४९९ रजिस्ट्रेशन आणि तीन महिन्यांचे १५,०००. कोच म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा मुलगा, मी त्याला सर म्हणायचे, तो मला ताई. भात, पोळी, साखर, बटाटा, फळं सगळं बंद. अंडी, पनीर, पालेभाज्या, ताक, अधूनमधून मटण. पहिल्या पंधरा दिवसांत साडेचार किलो गेलं आणि सर म्हणाले बघा ताई आमच्या फॉर्म्युल्याची कमाल! आता कळतं की त्यातला बराचसा भाग पाणी असतो, शरीरात साठवलेली साखर संपते आणि तिच्याबरोबर धरून ठेवलेलं पाणी जातं, हे कुठल्याही लो कार्बवर कुणाचंही होतं. पण तेव्हा डोळ्यासमोर फक्त काटा होता.

ऑगस्टपर्यंत ७१.८ झाले. सात महिन्यांत २४.६ किलो, साखर ६ वर, डॉक्टरांनीच शुगरची गोळी बंद केली. हे खोटं नाहीये, माझे रिपोर्ट आहेत. म्हणून तर विश्वास बसला ना. जे भात-पोळी सोडल्याने झालं त्याचं श्रेय मी त्या माणसाला दिलं आणि तिथेच त्याला मी बरोबर सापडले.

गणपतीच्या दिवसांत त्याचा फोन, ताई आता मेंटेनन्स केला नाही तर सगळं परत येईल, लाइफटाइम प्लॅन ४८,०००, वजन वाढलं तर पैसे परत. वर आमचा कीटो आटा, म्हणजे कार्ब अगदी कमी असलेलं पीठ, आता पोळी खा बिनधास्त. तुम्हीच सांगा, सात महिने पोळीचा तुकडा न चाखलेल्या बाईला हे ऐकून काय वाटेल? पैसे टाकताना क्यूआर कोडवर कंपनीचं नाव नव्हतं, कुणा भलत्याच माणसाचं होतं. विचारलं, तर म्हणे आमच्या अकाउंटंटचं खातं आहे, जीएसटीचं काम चालू आहे. (पैसे व्यक्तीच्या नावाने मागितले की तिथेच थांबा. पावती म्हणून स्क्रीनशॉट घेऊ नका, बिल मागा.) आटा ८९० रुपये किलो, महिन्याला चार किलो, पाच महिने, म्हणजे १७,८००. सोबत फॅट कमी करणारी पावडर, ३,२०० चा एक असे तीन डबे, ९,६००.

आणि आता ते सांगते ज्याने मला अजून रात्री झोप लागत नाही. पहिल्याच दिवशी ती पोळी तव्यावर टाकली आणि टम्म फुगली. पंचवीस वर्षं पोळ्या लाटतेय मी. उन्हाळ्यात बदामाच्या पिठाच्या आणि इसबगोलाच्या पोळ्या करून बघितल्या होत्या, त्या प्लास्टिकवर थापाव्या लागतात, उचलताना तुटतात, फुगायचं नावच नाही. ही मऊसूत, गव्हाचा वास येणारी, पदर सुटलेली पोळी हातात धरून मी उभी होते आणि मला कळायला हवं होतं. कळलं नाही असंही नाही, मी कळून घेतलं नाही. डोळ्यात पाणी आलं होतं हो माझ्या, इतक्या दिवसांनी पोळी खातेय म्हणून.

पाकिटावर काय लिहिलं होतं बघा, १०० ग्रॅममध्ये कार्ब ९, प्रोटीन १४, फॅट ४, फायबर १२. बेरीज ३९. मग उरलेले ६१ ग्रॅम काय हवा भरली होती? दिवसभर आकडे टॅली करणारी मी, पाच महिने ते पाकीट रोज उघडत होते. तुम्ही ही बेरीज दुकानातच करा. अन्न परवान्याचा नंबर १४ आकडी असतो, तो मोजा. माझ्या पाकिटावर १३ आकडे निघाले.

पुढच्या जानेवारीत वजन ८० च्या पुढे गेल्यावर घरी मशीनवर तपासलं. त्या आट्याच्या दोन पोळ्या खाऊन दोन तासांनी साखर २४३. दुसऱ्या दिवशी आमच्या गिरणीतल्या पिठाच्या दोन पोळ्या, २३८. पुतण्या सातवीत आहे, तो म्हणाला काकू आयोडीन टाकून बघू. टिंक्चरचा थेंब टाकला तर पीठ काळंनिळं, म्हणजे आत भरपूर स्टार्च, शेजारी पनीरचा तुकडा ठेवला होता त्यावर नुसता तपकिरी डाग. तीन महिन्यांची साखर ८.१ आली.

जाऊबाईंचं तर याहून वाईट. त्यांना ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी चालू होती, भात-पोळी बंद केली पण गोळी तेवढीच, दुपारी घाम फुटला, हात थरथरायला लागले, साखर ५८. त्या मुलाला मेसेज केला तर उत्तर काय, बॉडी डिटॉक्स होतीये, घाबरू नका. शुगरची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कार्ब कमी करू नका. डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी असेल तर अजिबात नाही, त्यात साखर फार वाढलेली न दिसताही रक्तात आम्ल वाढून माणूस आयसीयूत जाऊ शकतो.

पैसे परत मागितले त्याच रात्री ग्रुपमधून काढलं, नंबर बंद.

मग फिरती सुरू. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला, तक्रार नोंदवली, पण पैसे जाऊन महिने झालेले, गोठवायला काही उरलंच नव्हतं. (तुम्ही लगेच, त्याच तासात फोन करा.) बँक म्हणे पिन तुम्हीच टाकलात. पोलीस चौकीत सांगितलं सायबरला जा, सायबरवाले म्हणाले वस्तू मिळाली ना, मग हा ग्राहकाचा विषय. एका साहेबांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "बारीक तर झालात की मॅडम, मग फसवलं कुठं?" शेजारचे हसले. चार वेळा रजा टाकून गेले होते मी तिथे. अन्न खात्यात पाकीट नेलं तर फोडलेलं चालत नाही, सीलबंद आणा. अहो फोडल्याशिवाय कळणार कसं आतमध्ये काय आहे? सीलबंद आणायला परत त्याच चोराला ८९० द्यायचे? साहेब मिटिंगला, साहेब दौऱ्यावर, साहेब सोमवारी. त्या सोमवारी सुट्टी होती.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही आणि दोन वर्षांच्या आत करता येते, हे कुठल्याच खिडकीवर कुणी सांगितलं नाही. चॅट, पाकिटं, बिलं काहीही फेकू नका, एक पाकीट न फोडता ठेवा.

माझा फोटो अजून फिरतोय. गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी, हिरवा पंजाबी ड्रेस, आधी आणि नंतर. मागच्या आठवड्यात ऑफिसमधल्या मुलीने दाखवला, वेगळ्या कंपनीच्या नावाने, वर लिहिलंय पोळी खाऊन २५ किलो कमी. ती मी आहे. पोळी न खाता कमी झालं होतं, आणि आज सकाळी काट्यावर ८३.२ होतं.